पावलांची राखण

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला 'हलू नका' म्हणणारे घरात पुष्कळ असतात. पूर्वी डॉक्टरही अशा रोग्याला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. १९५२ साली बॉस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी त्याला लवकर खुर्चीत बसवावे, असे सांगितले. आज डॉक्टरांच्या सल्ल्याने थोड्याच दिवसांत चालणे सुरू होते, आणि त्या पावलांची राखण परिचारिका करते.

आधी ती नाडी व रक्तदाब पाहते. मग बरोबर चालते, घरच्या, शेताच्या गोष्टी काढते. त्या गप्पांत मतलब असतो. बोलताना धाप लागून वाक्य तुटू लागले, की ती त्याला बसविते. 'काही नाही हो, सिस्टर' म्हणणाऱ्याचा हात छातीकडे गेलेला तिला दिसतो.

घरी आल्यावर हे काम आपले. रोग्याबरोबर बोलत चाला. छातीत दुखले, दरदरून घाम सुटला, तर तिथेच बसवा आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू देऊ नका. गुरुजींनी मुलांनाही हे सांगावे. चालता चालता आजोबा गप्प झाले, तर ते आधी नातवालाच कळेल.