शाळेतले जेवण आणि शिजवणारे हात



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आम्ही पडलो कामगार संघटनेचे कार्यकर्ते. शाळा अर्ध्यावर सुटली. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत. पण आजचा विषय आम्हाला पोटानेच शिकवला आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही गिरणगावातल्या एका शाळेत होतो. घरात पगार येईना. मधल्या सुट्टीत इतर मुले डबे उघडीत; आम्ही नळाला ओंजळ लावून परत बाकावर येत असू. पुढच्या तासाला फळ्यावरचे गणित दिसे, पण डोक्यात शिरत नसे. त्याला मास्तर आमचा आळस म्हणत.

त्याच वर्षी १ जुलैला तामिळनाडूत मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी मुलांसाठी पौष्टिक आहार योजना सुरू केली, हे आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचले. तिकडे ही वाट जुनीच. १९२० साली मद्रास महापालिकेने एका शाळेत मुलामागे रोज फार तर एक आणा खर्चून जेवण सुरू केले होते. पुढे १९५६ च्या सुमारास कामराजांनी ती कल्पना राज्याच्या शाळांत नेली. केंद्राची योजना यायला १९९५ उजाडले. तरी अनेक राज्यांत मुलांच्या हाती महिन्याचे तीन किलो धान्यच पडे. शिजवलेले अन्न द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ नोव्हेंबर २००१ चा. आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत हा मुलांचा हक्क ठरला.

फुकट खाऊन मुले लाचार होतात, असे काही शहाणे म्हणतात. अहो, फी माफ झाली म्हणून कोण लाचार झाला? उपाशी मुलाला तर शिकवलेलेच वाया जाते.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. प्राथमिक शाळेतल्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, असे माप आहे. शंभर मुलांचे सतरा किलो झाले. ते निवडायचे, चिरायचे, शिजवायचे, वाढायचे आणि भांडी घासायची; एवढ्याला नियमाने दोन बाया. २००९ साली केंद्राने त्यांना दरमहा १००० रुपये ठरवले, तेही वर्षाचे दहा महिने. पंचवीस दिवस धरा, रोजचे चाळीस रुपये पडतात. राज्यांनी आपापली भर घातली, पण नाव राहिले मानधन. पगार म्हटला की कायदा आला, किमान वेतन आले. म्हणून हा मान!

मुलाचे जेवण हा हक्क असेल, तर शिजवणारीची मजुरी ही कृपा कशी? एकाची भूक भागवायला दुसरीच्या घरची चूल अर्धी ठेवायची, हा न्याय नव्हे. त्या बाईचीही मुले शाळेतच आहेत.

श्रोतेहो, उद्या आपल्या वॉर्डातल्या शाळेत जा. आज काय शिजले, हे विचारा. आणि शिजवणारीला गेल्या महिन्याचे पैसे मिळाले का, हेही विचारा. दोन्ही उत्तरे ऐकून मगच घरी जेवायला बसा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.