झेनचे कर्ण



प्रत्येकाने पाच मिनिटं आपल्या कामाबद्दल बोलायचं ठरलंय. सॉफ्टवेअरबद्दल बोलले तर मागच्या बाकावरचे तेव्हासारखेच झोपतील. म्हणून बाबांच्या पांढऱ्या झेनबद्दल सांगते. सहलीची बस बंद पडली तेव्हा आपल्यातल्या सात जणांना कोंबून घरी पोचवणारी, तीच.

बाबांनी गाडी चालवणं सोडलं, भंगारात द्यायला मन होईना, म्हणून मी ती बंगळुरूला नेली. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर काही दिवस हौशी लोकांना स्वतःची गाडी पळवता येते. तिथे जायला लागले. तिसऱ्या खेपेला वळणात घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला. असं केलं की भार पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट फिरतं. डावा कोपरा टायरांच्या भिंतीवर आदळला. चूक सर्वस्वी माझी. मला खरचटलंही नाही.

विम्यात शर्यत आणि वेगचाचणी बसत नाही. गॅरेजवाल्याने अडतीस हजार सांगितले. बाबांना फोनवर 'गाडी मस्त आहे' म्हणत राहिले.

फेंडर बोल्टवर बसतो, तो भंगार बाजारातून बाराशेला आणला. लाल मिळाला, लालच ठेवला. बंपरच्या चिरेच्या टोकाला छोटं भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग दोन्ही कडांना भोकं पाडून केबल टायने शिवला, गोधडीसारखा. हेडलाइटवर टेप, काच ट्रॅकवर सांडू नये म्हणून. बॉनेटचं कुलूप वाकलं होतं, तिथे मात्र पैसे वाचवले नाहीत. वेगात बॉनेट उघडलं तर समोरचं काहीच दिसत नाही.

खरी भीती आतल्या सांगाड्याची होती. वाकलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून तो सरळ दिसतो, होत नाही. भूमितीच्या बाई इथे बसल्यात म्हणून सांगते: रेडिएटरच्या चौकटीचे कर्ण मोजले. अकरा मिलिमीटरचा फरक! कर्ण सारखे असले म्हणजे आयतच असं नाही, समद्विभुज समलंब चौकोनाचेही असतात, म्हणून बाजूही मोजल्या. (बाई, आता तरी अर्धा गुण द्या.) मनाशी ठरवलं, फरक तीनच्या आत आला नाही तर गाडी भंगारात.

ओळखीच्या डेंटरने रविवारी जागा दिली. गाडी मागून बांधली, पुढून चेन पुली लावली. थोडं ओढायचं, सोडायचं, मोजायचं. पत्रा परत मागे येतो, म्हणून हवं त्यापेक्षा जरा जास्त ओढावं लागतं. ओढताना साखळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हे डेंटरने तीनदा बजावलं. सात, पाच, पुन्हा सहा. संध्याकाळी दोनवर आला. मी जमिनीवरच बसले. अलाइनमेंट धरून एकूण खर्च नऊ हजार चारशे.

दिवाळीत बाबा आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, लाल फेंडरवर बोटाने टिचकी मारली. "हा कुणाचा?" मी सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. डावीकडचं दार उघडून आत बसले आणि पट्टा लावला.