फी माफ, पण पासाचे काय?

(मार्च १९८२ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

व्यासपीठावरील माझे गुरुजन, आणि समोर बसलेल्या, केस पिकलेल्या किंवा केसच उरले नाहीत अशा माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला "शिक्षणावर दहा मिनिटे बोल" असे सांगितले आहे. मी शिक्षक नाही. घाटावरच्या एका महाविद्यालयाच्या कचेरीत मी एकतीस वर्षे काढली. कारकून म्हणून लागलो, हेडक्लार्क म्हणून २०२४ साली निवृत्त झालो. कॉलेजचे नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात कॉलेजपेक्षा माझाच दोष जास्त आहे. त्यातली बहुतेक वर्षे माझ्याकडे शिष्यवृत्तीचे टेबल होते. म्हणजे सरकारचा पैसा मुलापर्यंत कसा येतो, आणि कुठे अडतो, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. त्यावरच बोलतो. सकाळी आपल्या तुकडीच्या वर्गणीतून शाळेला कमान बांधण्याचा विषय निघाला, त्याच्याशीही याचा संबंध आहे.

आधी ८२ साल आठवा. आपण दहावीच्या अभ्यासाला बसलो आणि १८ जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. आपल्या वर्गातल्या किती जणांचे वडील गिरणीत होते, ते हात वर करून मोजले तर आजही निम्मे हात वर होतील. माझे वडील मार्चमध्ये ट्रंक घेऊन दासगावला परत आले. दर महिन्याची मनीऑर्डर बंद झाली. निकाल लागला, मी पास झालो, आणि घरात आनंदापेक्षा काळजी जास्त झाली. पास झाला, आता पुढे काय?

पुढे महाडचे कॉलेज होते, म्हणून मी आज इथे उभा आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९६१ साली ते काढले, बाबासाहेबांच्या नावाचे. आपल्याला लहानपणापासून ऐकून माहीत आहे की २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने आपल्याच बंदरात उतरले आणि इथून पाच मैल चालत महाडला गेले. त्याच रस्त्याने आपण एस.टी.ला लोंबकळत त्यांच्या नावाच्या कॉलेजात जात होतो. तेव्हा ते कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्या तरी नाही. माझे सगळे लक्ष गाडीत जागा मिळण्याकडे.

फीचा प्रश्न सुटला तो ई.बी.सी.मुळे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ही सवलत आली. जात कोणतीही असो, घरचे उत्पन्न कमी असेल तर फी सरकार भरणार. माझ्या अर्जाला एक अडचण आली. वडिलांचे उत्पन्न त्या वर्षी शून्य, पण हातात जे कागद होते त्यात गिरणीचा जुना पगार. तलाठ्याकडे चार खेपा झाल्या तेव्हा दाखला मिळाला. फी माफ झाली.

आणि तरी दिवाळीनंतर माझे कॉलेज बंद पडले. फीमुळे नाही, पासामुळे. विद्यार्थी पास असूनही महिन्याचे तेवढे पैसे घरात नव्हते. आठ दिवस मी घरी बसलो. नवव्या दिवशी आपल्या शाळेतले एक सर बाजारात भेटले. ते समोरच बसले आहेत, नाव घेतलेले त्यांना खपणार नाही. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "काय रे, आज कॉलेज नाही?" मी काहीतरी थाप मारली. ती त्यांनी ऐकून घेतली आणि संध्याकाळी घरी बोलावले. चार महिन्यांच्या पासाचे पैसे त्यांनी दिले आणि एका वहीत लिहून ठेवले. पुढे पहिल्या पगारातून ते परत द्यायला गेलो. मला वाटले, सर म्हणतील "अरे राहू दे". सरांनी मोजून घेतले. वही काढून माझ्या नावावर काट मारली. खाली आणखी दोन नावे होती.

आता माझ्या धंद्यातले थोडे सांगतो, कंटाळू नका.

आपल्याकडे सरकार महाविद्यालयाला पैसा देते तो मुख्यतः पगारासाठी. मंजूर पदांवरच्या प्राध्यापकाचा आणि शिपायापर्यंतच्या कर्मचाऱ्यांचा पगार सरकार देते, म्हणून अनुदानित वर्गाची फी गरिबाला झेपते. ही लहान गोष्ट नाही. "सरकार काही करत नाही" असे कोणी म्हटले की मला राग येतो, कारण मी त्याच पैशावर शिकलो आणि त्याच पैशावर माझे घर चालले. पण २००१ च्या नोव्हेंबरात शासनाचा निर्णय झाला की यापुढच्या नव्या महाविद्यालयांना अनुदान नाही. जुन्या अनुदानित कॉलेजातही नवे अभ्यासक्रम निघाले ते विनाअनुदानित. एकाच छपराखाली दोन चुली झाल्या. या खोलीत बी.ए., फी चार आकडी. शेजारच्या खोलीत संगणकाचा अभ्यासक्रम, फी पाच आकडी, आणि शिकवणारा तासिका तत्त्वावर. त्याला तासावर पैसे, तेही कधी वर्षाअखेर. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरायच्या राहतात, मग अनुदानित खोलीतही हळूहळू तासिकेवालाच येतो. तो दोन कॉलेजे करून तिसऱ्या गावी पळतो. आठ दिवस न आलेला मुलगा त्याच्या ध्यानात येणार कसा? मला बाजारात ज्यांनी विचारले, त्या सरांना कायमची नोकरी होती, ते याच गावात राहत होते, आणि मी त्यांना चेहऱ्याने ठाऊक होतो. पगारी अनुदानातून सरकार खरे तर हे विकत घेत असते. ते कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

दुसरा पैसा शिष्यवृत्तीचा, तो मुलाच्या नावाने येतो. इथे माझी गोष्ट येते.

२००४-०५ साल असेल. तिसऱ्या वर्षाच्या बी.कॉम.ला एक मुलगी होती. वडील नव्हते, आई मजुरीला. मागच्या वर्षाची तिची शिष्यवृत्ती आली नव्हती, त्यामुळे आमच्या वहीत तिच्या नावावर बाकी दिसत होती. परीक्षेआधी हॉल तिकिटे वाटताना नियम असा, की ज्याची बाकी त्याचे तिकीट बाजूला. ती खिडकीशी आली. मी वही पाहिली आणि म्हणालो, "दोन दिवसांत भर, मग ये." वाईट बोललो नाही, आवाज चढवला नाही. तिनेही वाद घातला नाही. "बरं सर," म्हणाली आणि गेली.

शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलांकडून फीसाठी अडवणूक करू नये, अशी परिपत्रके होती. ती माझ्याच फायलीत होती. फाईल उघडायला मला कोणी मना केले नव्हते.

ती परीक्षेला बसली नाही. ऑगस्टमध्ये रक्कम आली. त्या काळी ती कॉलेजकडे यायची आणि आम्ही वाटायचो. तिला पत्र टाकले, पत्र परत आले. मग नियमाप्रमाणे न वाटलेली रक्कम शासनाला परत भरायची असते. ते चलन मीच भरले. कारणाच्या रकान्यात लिहिले: "विद्यार्थिनीने शिक्षण सोडले." तिने सोडले, असे मी लिहिले. वीस वर्षे होऊन गेली, ते वाक्य माझ्या अक्षरात कुठल्यातरी कपाटात आहे.

आता पद्धत बदलली आहे. २०१७ नंतर अर्ज महाडीबीटीवर ऑनलाइन, पैसे थेट खात्यात. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के वाटा केंद्र थेट मुलाच्या खात्यात टाकते, उरलेला राज्याचा. ई.बी.सी.ची आता राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती झाली, उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांवर गेली. २०२४ पासून त्याच मर्यादेत मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ आहे. लोणेऱ्याच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला जाणाऱ्या आपल्या नातींना याचा मोठा उपयोग आहे. हे सगळे चांगले झाले, मी मनापासून म्हणतो.

पण कागद आणि वेळ, या दोन गोष्टी तिथेच आहेत. आधार खात्याला जोडलेले नाही, नावात एक काना जास्त, उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा, एवढ्यावर अर्ज परत फिरतो. आपल्या भागाने २००५ ची दरड पाहिली, २०२१ चा महाडचा पूर पाहिला. ज्याचे घरच चिखलात गेले त्याने मूळ प्रत कुठून आणायची? आणि पैसा मंजूर झाला तरी जूनच्या खर्चाला तो मार्चमध्ये, कधी त्याच्याही पुढे येतो. पास तर महिन्याच्या महिन्याला काढावा लागतो. गावाकडच्या मुलींना एस.टी.चा पास बारावीपर्यंत मोफत आहे. तेरावीला गेली की तोच रस्ता, तीच गाडी, पण पास विकतचा. सवलत आहे, तिसरा हिस्साच भरायचा. पण तो रोख भरायचा असतो, आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीतून येणाऱ्या पोरीच्या घरी घासाघीस तिथेच सुरू होते.

माझी पुतणी अमेरिकेत असते. तिकडे कम्युनिटी कॉलेज म्हणून प्रकार आहे: घराजवळचे, कमी फीचे, दोन वर्षांचे, सरकारी पैशावर चालणारे कॉलेज. आपल्या तालुक्याच्या कॉलेजचे चुलत भावंडच म्हणा. तिथेही हेच दुखणे, प्रवेश खूप आणि पूर्ण करणारे थोडे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली एक योजना काढली, नाव 'एसॅप'. फीची तूट भरली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. बस-रेल्वेचा पास दिला, पुस्तकांना पैसे दिले, आणि प्रत्येक मुलामागे वरचेवर भेटून विचारपूस करणारा एक माणूस ठेवला. मग याचा खरेच उपयोग होतो का, हे तपासायला सुमारे नऊशे मुले घेऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला ही मदत दिली, दुसऱ्याला नेहमीचीच व्यवस्था. तीन वर्षांत नेहमीच्या गटातले शंभरातले बावीस पूर्ण करू शकले, मदतीच्या गटातले चाळीस. दर मुलामागे खर्च वाढला, पण दर पदवीमागे हिशेब केला तर तो उलट कमी भरला. कारण मध्येच सुटलेल्या मुलावर केलेला खर्च पाण्यात जातो, आणि तो आपण कधी मोजत नाही.

पुतणीने मला हे फोनवर सांगितले तेव्हा मी हसलो. म्हटले, यात नवीन काय? आमच्या सरांची वही आहे ही.

सरकारने काय करावे हे मी इथून सांगून काही होणार नाही, तरी सांगतो, कारण तुमच्यातले दोघेतिघे पंचायत समितीपर्यंत वजन राखून आहेत. रिकाम्या जागा भरा, शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता दिवाळीच्या आत द्या, आणि मुलींचा पास पदवीपर्यंत मोफत करा. बारावीला थांबवण्याचे कारण मला आजवर कोणी पटवलेले नाही.

आता कमान. कमिटीने मेहनत केली आहे, चित्रही छान काढून आणले आहे, म्हणून विरोधात बोलताना जड जाते. पण माझी सूचना अशी, की ते पैसे बँकेत ठेवून त्याची एक वही करावी. आपल्या शाळेतून दहावी झालेला कोणीही, महाडला कॉलेजला असो की आय.टी.आय.ला, शिष्यवृत्ती येईपर्यंत त्याला पाससाठी, परीक्षा फीसाठी त्यातून पैसे मिळावेत. बिनव्याजी. शिष्यवृत्ती आली की परत. कोणाची आली नाही तर आपण सोसायचे, तगादा लावायचा नाही. दाखला मागायचा नाही, शाळेतल्या एका शिक्षकाने "हा मुलगा माझ्या ओळखीचा" एवढे सांगितले की पुरे. आणि कृपा करून धनादेशाबरोबर फोटो नको, स्टेजवर बोलावणे नको. मी आठ दिवस घरी बसलो होतो ते पैशांपेक्षा लाजेने जास्त.

ज्यांना महाडीबीटीचा अर्ज भरता येत नाही त्यांचे अर्ज मी भरून देईन. जून ते ऑगस्ट दर रविवारी मी गावात असतो. कुठला अर्ज कशाने परत येतो, हे मला अर्ज पाहिल्याबरोबर कळते. एकतीस वर्षांत तेवढे शिकलो.

कमिटीने जेवणानंतर काय तो निर्णय घ्यावा. माझे पाच हजार मी सकाळी आल्या आल्या खजिनदारांकडे दिले आहेत. त्यांनी पावती 'कमान निधी' म्हणून फाडली आहे. ती तेवढी बदलून द्यावी, ही विनंती.