कोंबडीचें दुखणें आधीं ओळखा
(शिर्डी येथें शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें झालेलें भाषण)



परसांतल्या आठ-दहा कोंबड्या म्हणजे घरच्या बाईची पेढीच होय. मीठमिरची, पोरांचीं वह्यापुस्तकें यांचा पैसा तिच्यांतूनच निघतो. पण आठवड्याभरांत खुराडें रिकामें झालें कीं आपण म्हणतों, दृष्ट लागली, देवीचा कोप झाला! मग उरलासुरला कोंबडाही उताऱ्यांत जातो. भगताचें जेवण होतें, रोग मात्र जागच्या जागीं राहतो. पक्षी आपलें दुखणें स्वतःच सांगत असतो. तें ओळखावयास शिका, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

रोज सकाळीं डालगें उचलतांना चार गोष्टी पाहा: शीट, तुरा, मान आणि श्वास.

शीट पातळ, हिरवट-पांढरी; पंख लोंबलेले; श्वासाला घरघर; आणि पुढें मान पिळवटलेली, तर ती मानमोडी. १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊंतील राणीखेत येथें ती आढळली, म्हणून तिला राणीखेतही म्हणतात. तिला औषध नाहीं, लस आहे. पिलूं पांच ते सात दिवसांचें असतां लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यांत किंवा नाकांत घालावा, चौथ्या आठवड्यांत पुन्हां घालावा, आणि आठव्या आठवड्यांत आर-टू-बी लस टोचून घ्यावी.

तीन ते सहा आठवड्यांचीं पिलें रक्ताळलेली शीट टाकूं लागलीं, तर ती रक्ती हगवण. ओल्या भुशांत ती वाढते. तिच्यावर औषध आहे. पशुवैद्याला विचारून तें पाण्यांतून लगेच द्या व भुसा कोरडा करा. तुऱ्यावर व डोळ्यांभोंवतीं खपल्या धरल्या तर त्या कोंबडीच्या देवी. नांव देवीचें, पण काम डासांचें! त्यांचीही लस मिळते. कोंबडी खाते तरी वाळते व तुरा फिका पडतो, तर पोटांत जंत समजावे.

पुष्कळ पक्षी एकाएकीं मरूं लागले, तुरे निळे पडले, डोकीं सुजलीं, तर मेलेल्या पक्ष्याला उघडा हात लावूं नका; तांतडीनें पशुवैद्यकीय दवाखान्यांत कळवा. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांत नवापूरला बर्ड फ्लू आला. तो रोग माणसालाही जडूं शकतो. आणि दुखणें कोणतेंही असो, आजारी कोंबडी बाजारांत विकणें म्हणजे दुसऱ्याच्या घरावर निखारा टाकणें होय.

आतां दाण्याविषयीं. कोंबडी दिवसभर हिंडून किडे-पाला मिळविते, तरी अंड्यावरच्या कोंबडीस संध्याकाळीं मूठभर दाणा हवाच. नुसत्या ज्वारी-बाजरीनें पोट भरतें, पण अंडीं वाढत नाहींत. तीन वाटे मक्याचा किंवा बाजरीचा भरडा व एक वाटा सोयाबीनची किंवा भुईमुगाची पेंड असें मिश्रण करा. वर थोडा हिरवा घास द्या. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यांत ठेवा. अंड्याचें कवच मऊ पडलें तर बहुधा चुना कमी पडला असें समजा. बुरशीचा मका किंवा पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊं नका. १९६० सालीं इंग्लंडांत बुरशीच्या भुईमुगाच्या पेंडीनें सुमारें एक लाख टर्की पक्षी मेले! आपल्या शिर्डींत भोजनालयें पुष्कळ. पण तेथील उरलेलें खारट अन्न कोंबड्यांपुढें ओतूं नका. जास्त मीठ त्यांना विषासारखें आहे.

मोराविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९६३ सालीं तो राष्ट्रीय पक्षी ठरला, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणें रानांतला मोर पकडणें किंवा पाळणें गुन्हा आहे. तरी आपल्या खुराड्याचा त्याच्याशीं संबंध येतो. कोंबडीच्या आंतड्यांतील बारीक जंताच्या अंड्यांतून एक रोगजंतु मातींत उतरतो. कोंबडीला तो बहुधा फारसा बाधत नाहीं. पण मोराच्या पोटांत गेला तर यकृत सडवितो, व शीट गंधकासारखी पिवळी होते. म्हणून कोंबड्या उकरतात तेथें मोरासाठीं दाणे टाकूं नका. पेरणीचें औषध लावलेलें बियाणेंही उघड्यावर सांडूं नका. जखमी मोर दिसला तर तो घरीं न आणतां वनखात्यास १९२६ क्रमांकावर कळवा.

शेवटीं मुद्द्याची गोष्ट. लसीची एक बाटली बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते. ती बर्फांत आणावी लागते, आणि कालविल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची धनीण एकटीच ती आणील तर नव्वद मात्रा मातींत जातील! म्हणून आळींतल्या घरांनीं मिळून बाटली आणावी व एकाच दिवशीं सर्व पक्ष्यांना लस द्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्यांत किंवा बाभळेश्वरच्या कृषि विज्ञान केंद्रांत विचारपूस करावी. कुणब्याचें खुराडें कोणतें आणि कुंभाराचें कोणतें, हें मानमोडी पाहत नाहीं. एका घरानें लस चुकविली तर सारी आळी भोगते. तेव्हां बायाबापड्यांनो, घरीं गेल्यावर शेजारणीला हांक मारा आणि दोघींच्या मिळून कोंबड्या किती, तें आजच मोजा.