माकडताप व आपण



१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली व लगतच्या गावांत तापाची साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना प्रथम पीतज्वराची शंका आली. परंतु मृत माकडे, रुग्णांचे रक्त व जंगलातील गोचिडी तपासता नवाच विषाणू हाती लागला. तोच हा माकडताप. २०१६ साली तो आपल्या जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात दिसून आला.

नावामुळे दोष माकडाला मिळतो. वास्तविक तेही या रोगाने मरते. रोग पसरविते ती गोचीड. गुरांना हा आजार सहसा बाधत नाही, पण रानातील गोचिडी त्यांच्या अंगावरून गोठ्यात येतात. काजू वेचण्याच्या दिवसांतच गोचिडीची पिल्ले रानात फार असतात, म्हणून बागेत राबणाऱ्यास धोका अधिक. मात्र हा ताप माणसापासून माणसास लागत नाही. रुग्णाला दूर लोटू नका.

मेलेल्या माकडास हात न लावता ग्रामपंचायतीस अथवा आरोग्य केंद्रास कळवा. ताप अंगावर काढू नका. रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मुलाने डॉक्टर व्हावे असे प्रत्येक पालकास वाटते. गुरांचा डॉक्टर म्हटले की मात्र नाक मुरडले जाते. परंतु माणसाचा ताप ओळखण्यासाठी मेलेले माकड व क्षुद्र गोचीड तपासावी लागली, हे विसरू नका. तुमच्या मुलाला किंवा मुलीला त्या वाटेची आवड असेल, तर तिला अडवू नका.