झेल्यावा: डोंगराच्या पोटातला विमानतळ

आजचा भाग एका लष्करी विमानतळाबद्दल आहे. नाव झेल्यावा. क्रोएशिया आणि बॉस्नियाच्या सीमेवर प्ल्येशेवित्सा नावाचा डोंगर आहे, त्याच्या पोटात आणि पायथ्याशी हा तळ आहे. अलीकडे क्रोएशियात प्लिटवित्सेची ती प्रसिद्ध तळी, पलीकडे बॉस्नियात बिहाच शहर. यूट्यूबवर शोधलंत तर याचे ढिगाने व्हिडिओ मिळतील, बहुतेक सगळे हातात बॅटरी घेऊन अंधारात फिरणाऱ्या मुलांचे. मला त्या भुताटकी छापाच्या गोष्टीत फार रस नाही. हे एवढं प्रचंड काम कुणाच्या भीतीने बांधलं आणि शेवटी पाडलं कुणी, हे मला सांगायचंय.

थोडं मागे जाऊ. १९४८ साल. दुसरं महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती. युगोस्लाव्हियात टिटो सत्तेवर. आपल्याकडे शाळेत टिटो येतो तो नेहरू आणि नासर यांच्या शेजारी, अलिप्ततावादाच्या धड्यात. प्रश्नाचं उत्तर लिहिलं, दोन मार्क मिळाले, विषय संपला. पण हा माणूस अलिप्त का झाला, तर त्याचं आधी स्टॅलिनशी फाटलं म्हणून. २८ जून १९४८ ला कम्युनिस्ट देशांच्या संघटनेतून, कॉमिनफॉर्ममधून, युगोस्लाव्हियाला बाहेर काढलं. म्हणजे स्वतः कम्युनिस्ट असल्यामुळे पश्चिमेचा भरवसा नाही, आणि आता पूर्वेचाही नाही. हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया हे सगळे शेजारी सोव्हिएत गटात. उद्या रणगाडे आले तर कुणाला फोन करायचा?

झेल्यावाचं काम त्याच वर्षी सुरू झालं आणि १९६८ साली संपलं. वीस वर्षं! आणि १९६८ च्या ऑगस्टमध्येच वॉर्सा कराराचं सैन्य चेकोस्लोव्हाकियात घुसलं. म्हणजे ज्या भीतीने खोदायला सुरुवात केली, ती भीती काम संपलं त्याच वर्षी शेजारच्या घरात खरी होताना दिसली. खर्च सहा अब्ज डॉलर झाला असं सगळीकडे छापलेलं असतं. गुप्त प्रकल्पाच्या गोल आकड्यांकडे मी जरा जपूनच बघतो. पण वीस वर्षं डोंगर खोदायचा म्हणजे पैसा पाण्यासारखा गेला असणार, त्यात वाद नाही.

आता तो आतून कसा होता ते ऐका. त्याचं गुप्त नाव 'ऑब्जेक्ट ५०५'. मूळ कल्पना स्वीडनची. स्वीडनने आपली विमानं खडकात लपवायला सुरुवात केली होती, त्यावरून ही घेतली. डोंगरात एकूण साडेतीन किलोमीटरची भुयारं. चार तोंडं, त्यातली तीन विमानांसाठी. दारं किती वजनाची? शंभर टनाची एकेक. नागासाकीवर पडला त्या ताकदीचा, म्हणजे साधारण वीस किलोटनाचा अणुबॉम्ब झेलता यावा असा हिशोब होता. आत पाण्याचा स्वतःचा झरा, जनरेटर, राहायच्या खोल्या, आणि एका वेळी हजार माणसं जेवू शकतील असं भोजनगृह. तीस दिवस बाहेरून काहीही न आणता तग धरता येईल एवढं अन्न, इंधन, दारूगोळा. इंधन बिहाचजवळच्या डेपोतून वीस किलोमीटरच्या जमिनीखालच्या नळातून यायचं. वर डोंगरमाथ्यावर रडार, बाहेर पाच धावपट्ट्या.

भुयाराच्या तोंडाचा फोटो जरूर बघा. काँक्रीटमध्ये चक्क विमानाची आकृती कापली आहे. खाली पंखांपुरती रुंद, वर शेपटीपुरती अरुंद. दाराला विमानाच्याच मापाचा सदरा शिवल्यासारखं. आणि ते विमान कोणतं? आपलं मिग-२१. 'आपलं' म्हणतो कारण ऐकणाऱ्यांत नाशिककर बरेच आहेत, आणि ओझरच्या एचएएलमध्ये हेच विमान वर्षानुवर्षं बनत होतं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला आपल्या हवाई दलाने त्याला निरोप दिला. पंखांचा पसारा जेमतेम सव्वासात मीटर, त्यामुळे भुयारात ठेवायला सोयीचं. गंमत बघा, सोव्हिएत हल्ल्याच्या भीतीने खोदलेल्या डोंगरात विमानं भरली ती सोव्हिएत बनावटीची. टिटोच्या राजकारणात हे बसत होतं.

एवढी कटकट कशासाठी, असं कुणाला वाटेल. ५ जून १९६७ ची सकाळ आठवा. इस्रायलने इजिप्तचं जवळपास सगळं हवाई दल जमिनीवर उभं असतानाच संपवलं. उघड्यावर रांगेत लावलेलं विमान हे जगातलं सगळ्यात सोपं लक्ष्य. आणि ही भुयाराची युक्ती खरंच चालते, याचा पुरावाही आहे. झेल्यावाचं एक भावंड कोसोव्होत प्रिश्टिनाजवळ होतं, स्लाटिना नावाचं. १९९९ मध्ये नाटोने ७८ दिवस बॉम्बफेक केली. ती थांबल्यावर त्या डोंगरातून किमान अकरा मिग बाहेर आली आणि उडून सर्बियाला गेली. बघणारे थक्क झाले होते.

म्हणजे डिझाइनमध्ये खोट नव्हती. बाहेरच्या शत्रूसाठी तरी नव्हतीच.

आता एक तपशील, ज्यामुळे मी हा भाग करायला घेतला. धावपट्ट्या बांधतानाच त्यांच्याखाली ठरावीक अंतरावर पोकळ कप्पे ठेवले होते. स्फोटकं भरायला. तळ शत्रूच्या हाती पडायची वेळ आली तर आपणच उडवून द्यायचा, म्हणून. विध्वंसाची सोय नकाशातच. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, आमच्याकडेही अशा सोयी असतात. सगळं पुसून टाकणारी कमांड असतेच कुठेतरी. पण अशा कमांडबद्दल आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो 'ती चालवायचा अधिकार कुणाला?' हा. झेल्यावा बांधणाऱ्यांच्या मनात याचं उत्तर इतकं उघड होतं की प्रश्नच पडला नसेल. अधिकार आपल्याला. आपण म्हणजे युगोस्लाव्हिया.

१९९१ मध्ये तो 'आपण'च फुटला.

या तळावरची रेजिमेंट मिसळीसारखी होती. सर्ब, क्रोएट, बॉस्नियाक, स्लोव्हेन, सगळे वैमानिक एकाच भोजनगृहात जेवणारे, एकाच भुयारातून उडणारे. १९९१ च्या जूनमध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि तळावरून क्रोएशियात मोहिमा सुरू झाल्या. म्हणजे क्रोएट वैमानिकाला हुकूम काय, तर तुझ्या गावाकडे जा.

२५ ऑक्टोबर १९९१ ला रुडॉल्फ पेरेशिन नावाचा क्रोएट वैमानिक टेहळणीच्या मिगमधून उडाला तो परत आलाच नाही. खाली खाली उडत सरळ ऑस्ट्रियात क्लागेनफुर्टला उतरला. जो तळ अणुबॉम्ब झेलायला बांधला, त्याच्यातून एक माणूस आपली बाजू बदलून निघून गेला आणि शंभर टनाचं दार काही करू शकलं नाही. पेरेशिन पुढे क्रोएशियाच्या हवाई दलात गेला आणि मे १९९५ मध्ये मोहिमेवर असताना त्याचं विमान पाडलं गेलं. क्रोएशियात तो वीर. जुन्या सहकाऱ्यांपैकी काहींच्या लेखी पळपुटा. मला विचाराल तर मी दोन्ही शब्द वापरणार नाही. त्या दिवशी त्या खुर्चीत बसलेल्या माणसापुढे तिसरा कोणता रस्ता होता, ते मला दिसत नाही.

मग शेवट. युगोस्लाव्ह लष्कर माघार घेताना धावपट्ट्यांखालचे ते कप्पे भरून उडवून गेलं. उरलेलं काम १९९२ मध्ये क्रायिनातल्या सर्बांच्या सैन्याने केलं. तळ कुणाच्याच उपयोगाला येऊ नये म्हणून ५६ टन स्फोटकं. बिहाच शहर हादरलं. गावकरी सांगतात की भुयारांतून सहा महिने धूर येत होता. वीस वर्षांचं काम, चोवीस वर्षांचा वापर, आणि बाहेरच्या एकाही शत्रूने त्यावर एक गोळी झाडली नाही.

आणि बिहाच? १९९२ ते १९९५ असं तीन वर्षं ते शहर वेढ्यात होतं. शेजारी पाच धावपट्ट्या, पण उखडलेल्या. विमानं मात्र यायची, बॉम्ब टाकायला, उद्बिना नावाच्या दुसऱ्या तळावरून. म्हणून नोव्हेंबर १९९४ मध्ये नाटोने उद्बिनाची धावपट्टी बॉम्बने फोडली.

मी तिथे गेलो होतो. ऑफिसच्या कामासाठी म्युनिकला काही महिने होतो, तेव्हा जोडून सुट्टी मिळाली. क्रोएशियाच्या बाजूने गाडीरस्त्याने गेलं की आधी झाडीत एक जुनं डाकोटा विमान उभं दिसतं, अंगभर रंगाने गिरवलेलं. मग रस्ता रुंद होतो, आणखी रुंद होतो, आणि लक्षात येतं की हा रस्ता नाहीच, आपण धावपट्टीवर आहोत. फटींतून गवत. बदाम कोरणारे आपल्या किल्ल्यांवर असतात तसे इथेही येऊन गेलेत. भुयाराच्या तोंडाशी उभा राहिलो तर उन्हाळ्यातही आतून गार हवा अंगावर येते. आत गेलो नाही. स्फोटांनी छताची पार वाट लागली आहे, कधी काय पडेल सांगता येत नाही.

थोडं चाललो तर फोन वाजला. 'बॉस्नियात स्वागत आहे', रोमिंगचे दर अमुक. धावपट्टीवर रेघ नाही, कुंपण नाही, पण १९९१ नंतरची आंतरराष्ट्रीय सीमा तिथूनच जाते. मी मुकाट्याने मागे वळलो. परतीच्या वाटेवर पोलिसांनी थांबवून पासपोर्ट बघितला, सगळी पानं उलटून बघितली, दिला.

पोलिसांचं म्हणणं एवढंच होतं की गवतात पाय टाकू नका. कारण हा सगळा पट्टा भूसुरुंगांनी पेरलेला. त्यातला प्रोम-१ नावाचा प्रकार सगळ्यात वाईट. तारेला पाय लागला की तो जमिनीतून वर उडतो आणि मग फुटतो, म्हणजे पाय जाऊन माणूस वाचण्याचीही शक्यता कमी. हाही युगोस्लाव्हियातच बनलेला. नोव्हेंबर २००० मध्ये, युद्ध संपून पाच वर्षं झाल्यावर, बॉस्नियाच्या हवाई दलाचा एक अधिकारी या तळाच्या परिसरात अळंबी शोधायला गेला आणि अशाच सुरुंगाने मेला.

दुसऱ्या दिवशी रीतसर नाक्यावरून बिहाचला गेलो. २०१८ पासून हे शहर युरोपात शिरू पाहणाऱ्या निर्वासितांचा मोठा थांबा झालंय. इथून क्रोएशिया, म्हणजे युरोपियन युनियन, डोंगरापलीकडे. डोंगर कोणता? तोच, प्ल्येशेवित्सा. नदीकाठच्या बाकावर एक मुलगा बसला होता, विशीचा असेल. मला बघून सरळ हिंदीत, म्हणजे त्याच्या उर्दूत, विचारलं, "भाई, इंडिया से हो?" तो पाकिस्तानातल्या पंजाबातला. सीमा ओलांडायच्या प्रयत्नाला ही मुलं 'गेम' म्हणतात. याचे पाच गेम झाले होते. पाचही वेळा पकडून परत पाठवला. एकदा रात्रीचा पाऊस होता म्हणून भुयाराच्या तोंडाशी आडोशाला थांबलो होतो, म्हणाला. ते काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. "कोई पुरानी फॅक्टरी है शायद."

मी सांगितलं काय ते. विमानं, अणुबॉम्ब, हजार माणसांचं जेवण. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुरुंग खरंच आहेत का तिथे, की आम्हाला घाबरवायला पाट्या लावल्यात?" खरंच आहेत म्हटलं. तो मान हलवून गप्प बसला. मी आदल्या दिवशी ज्या रेघेवरून चुकून पलीकडे गेलो आणि फोनवर स्वागत घेऊन आलो, तीच रेघ तो पाच वेळा ओलांडायला गेला होता. माझ्या खिशात व्हिसा होता, बाकी आमच्यात फरक म्हणाल तर त्याचं पोहणं चांगलं होतं. दोन नद्या पोहून आला होता तो. त्याला चहा पाजला, तिथली कॉफी त्याला आवडत नव्हती. पुढचा गेम कधी, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

कुणी त्या बाजूला जाणार असेल तर एवढं पाळा. पासपोर्ट जवळ ठेवा. डांबर आणि काँक्रीट सोडून कुठेही पाऊल टाकू नका, लघवीला सुद्धा नाही. भुयारात शिरू नका, व्हिडिओवाले काहीही म्हणोत. आणि बिहाचमध्ये अर्धा दिवस काढा, नदी फार सुंदर आहे, ऊना तिचं नाव.

पुढच्या भागात भेटूच. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे कळवा.