लाल औषधाची गोष्ट
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नव्हे. परंतु गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. पायांवर काळेनिळे डाग उठले, तेव्हा ‘पडला असेल कुठे’ असे म्हणून पंधरा दिवस हळदीचा लेप लावीत बसलो. त्यात मीच पुढे होते. ती टोचणी अजून आहे.

रुग्णालयात त्याच्या शिरेतून लालभडक औषध जाऊ लागले. लघवीही लाल झाली, तेव्हा आम्ही घाबरलो. ‘हा औषधाचा रंग, रक्त नव्हे,’ असे परिचारिकेने समजाविले. औषधाचे नाव डॉनोरुबिसिन. १९६० नंतरच्या काही वर्षांत इटलीतील एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले. तेथील प्राचीन दाउनी लोक आणि माणकाला असलेला फ्रेंच शब्द, यांवरून हे नाव पडले.

ते काय करते? आपल्या जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या पेशीत डीएनए नावाची पाककृतींची मोठी वही असते. वही कपाटाबाहेर येत नाही; हवी ती कृती चिठ्ठीवर उतरवून स्वयंपाकघरात धाडतात. ही चिठ्ठी म्हणजे आरएनए. तिच्यावरून प्रथिने शिजतात. हे औषध वहीच्या पानांत पाचर मारावी तसे डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरून बसते. मग चिठ्ठी उतरविता येत नाही, वहीची दुसरी प्रत होत नाही, आणि धागाही तुटतो. भराभर वाढणारी रोगट पेशी अशी उपाशी मरते.

पण औषधाला आपपर कळत नाही. केसांची मुळे, तोंडातील त्वचा, रक्त तयार करणारा मगज, यांनाही झळ पोचते. हृदयालाही अपाय होऊ शकतो; म्हणून एकूण मात्रा मोजूनच देतात. ‘आजी, माझे केस कुठे गेले?’ असे त्याने विचारले, तेव्हा मी म्हटले, ‘चिठ्ठ्या थांबल्यात रे, पुन्हा येतील.’

आता केस येऊ लागले आहेत. उपचार मात्र चालू आहेत. बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडायचे नसतात. योग्य उपचार मिळाले तर या रोगाची बहुतेक मुले बरी होतात.

त्या दिवसांत त्याला अनोळखी माणसांचे रक्त चढले. म्हणून एवढेच मागणे : पुढच्या हळदीकुंकवाला जोडून आपल्या मंडळाने रक्तदान ठेवावे. वाण म्हणून तेच लुटू या.